हिरवं बटण

३ मार्च

टिल्लू,

मावशीचा फोन आला. तू जेवतोस, झोपतोस, बोलत नाहीस, असं म्हणाली. बोलायची घाई नाही. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. पत्र वाजत नाही, पडून राहतं. वाटेल तेव्हा उघड.

बाईंचा जीव वाचला हे तुला कळलं आहे. बाकीचं सांगतो. घोट्याच्या वर हाड मोडलं आहे, आत सळई घातली आहे. डोक्याला मार नाही. हेल्मेट तडकलं. ते त्यांनी टाकू दिलं नाही. पलंगाशेजारच्या कपाटावर उलटं ठेवलं आहे आणि त्यात संत्री ठेवतात.

मला कसं ठाऊक, असं विचारशील. मी जाऊन आलो.

हॉस्पिटलच्या जिन्यात मी वाक्य तयार केलं होतं. गाडी चालवत होता त्याचा मी बाप. वाक्य छोटं होतं. वॉर्डच्या टोकाला, खिडकीजवळ, बाई पेपर वाचत बसल्या होत्या. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली, एक काच गायब. तो डोळा मिटून वाचत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, खांदे रुंद. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी चष्म्याच्या दुकानातून आलोय."

"कोणी पाठवलं?"

"कळलं, चष्मा फुटलाय म्हणून."

"कमाल आहे. डॉक्टर बोलावून येत नाहीत आणि चष्मेवाला न बोलावता येतो. मग उभे काय? घ्या माप."

पट्टी खिशात असतेच. मी वाकलो. माझ्या कपाळाकडे बघा, म्हणालो. गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो, कारण इतक्या जवळून समोरच्याच्या डोळ्यांत कोणाला बघवत नाही. लोक भिंतीकडे बघतात, माझ्या कानाकडे बघतात. बाई सरळ माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. माझीच नजर हलली आणि माप परत घ्यावं लागलं.

"सवय आहे," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरची."

मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "एक विचारू? चष्मेवाले नाकाकडे बघतात. तुम्ही मघापासून पायाकडे बघताय."

"स्क्रू पडला वाटतं," मी म्हणालो आणि पलंगाखाली वाकलो. स्क्रू पडलेला नव्हता. तरी बराच वेळ शोधला.

तुझ्या आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी घाऊक बाजारात गेलो होतो. ती हल्ली सकाळी लवकर फिरायला जाते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. कोणत्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही.

बाबा


१० मार्च

टिल्लू,

मावशी म्हणते, पत्र घेतोस. उघडतोस की नाही ते तिला ठाऊक नाही. असो.

बाईंना चष्मा दिला. त्यांना पहिल्यासारखीच फ्रेम हवी होती, तशी आता येत नाही. त्यातल्या त्यात जवळची बसवून नेली. मी आरसा धरला.

"हिच्यात मी घुबड दिसते."

मी आरसा जरा लांब धरला.

"शहाणं घुबड," त्या म्हणाल्या आणि चष्मा ठेवून घेतला.

बाई कोण ते सांगतो. शाळेत भूमिती शिकवायच्या. ती नोकरी सोडली. आता मोठ्या बायकांना सायकल शिकवतात, ज्यांना लहानपणी कोणी शिकवली नाही अशांना. शाळेच्याच मागच्या मैदानात, सकाळी. त्यांच्याकडे एक बँकेतल्या बाई येतात, एक भूलतज्ज्ञ येते आणि एक आजी येतात, ज्यांनी नवरा गेल्यावर आधी केस कापले आणि मग सायकल घेतली.

तोल सांभाळून चालवता आली की माणसाला वाटतं शिकलो. बाईंच्या मते शिकवणी तिथून सुरू होते. मागे वळून बघणं, हा त्यांचा पहिला धडा. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात, हातामागे हँडल, आणि सायकल बघाल तिकडे जाते. मैदानावर चुन्याची रेघ आखलेली आहे. रेघेवरून पुढे जायचं आणि मागे बघायचं. मागे बाई हातात काहीतरी धरून उभ्या असतात. ते काय आहे ते ओरडून सांगायचं आणि रेघ सोडायची नाही. झाडू. किटली. छत्री. एकदा त्यांनी हातात काहीच धरलं नाही. भूलतज्ज्ञ दोनदा रेघ सोडून गेली, तिसऱ्यांदा ओरडली, "काही नाही!" बाई म्हणाल्या, "पास."

दुसरा धडा मागच्या ड्रायव्हरचा. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, एवढ्यावर वळायचं नाही. त्यानं तुम्हाला पाहिलं, हे तुम्ही पाहिलं पाहिजे.

"आणि नाही पाहिलं तर?" मी विचारलं.

"तर सरळ. घर मागे पडलं तरी सरळ. पुढच्या चौकातून परत यायचं. घर कुठे पळून जात नाही."

मी या धंद्यात आयुष्य काढलं. बघण्यावर इतका विचार केलेला माणूस मला दुसरा भेटला नाही.

मग त्यांनी आपणहून त्या दिवसाचं काढलं.

"मला पलीकडे वळायचं होतं. मागे पाहिलं. एक पोरगा होता, दिसायला बरा. मान खाली. हातात फोन नव्हता, हे मी पोलिसांनाही सांगितलंय. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याचं बोट असं." त्यांनी बोट पुढे केलं, दाराची घंटा दाबतात तसं. "मी वळले नाही. तर त्याची गाडीच बघितलं तिकडे यायला लागली, कडेकडे. थेट माझ्या विद्यार्थिनींसारखी. ते ओळखलं म्हणून सायकल गवतात घातली. पाय तेवढा मागे राहिला."

त्यांनी त्या क्षणी मागे पाहिलं नसतं तर मी आज कोणाला चष्मा दिला असता? हे मला दुकानात, दाढी करताना, कुठेही आठवतं.

"राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. पण कशाचा यावा ते ठरायचंय. त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी. तो काय दाबत होता?" त्या माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या पद्धतीनं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला कसं कळणार?"

स्क्रूचं खोटं लहान होतं. हे मोठं होतं. त्या संध्याकाळी तू बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास. जे बोललास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. गाडीला सायकलवाला दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळा चौकोन पडतो. चौकोनात खरंच माणूस असेल तर हिरवं बटण दाबायचं. गाडीनं खांबालाच माणूस समजलं असेल तर लाल. गाडी किती वेळा बरोबर ओळखते ते कंपनीला हवं, म्हणून गाडी चालवता चालवता दिवसभर हे दाबत राहणं तुझं काम. इशाऱ्याचा आवाज तुम्ही सगळेच बंद ठेवता, कारण दर चौकात टीं टीं ऐकून डोकं उठतं.

"चौकोन पडला. आत खरंच सायकल होती. मी हिरवं दाबलं, बाबा."

एवढं बोलून तू बूट काढलेस. सकाळी उठलो तेव्हा तू मावशीच्या गावाला गेला होतास.

तुझी आई तेव्हा ओट्याशी होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण गॅस बंद केला होता.

हे बाईंना सांगणारा मी नव्हे. ते तुझं आहे. मी फक्त चष्मा दिला.

बाबा


२ एप्रिल

टिल्लू,

तुझे साहेब दुकानात आले होते. गिऱ्हाईक असल्यासारखे आले, फ्रेमा लावून पाहिल्या. माणूस वाईट नाही. तुझ्याबद्दल चांगलं बोलले. आठ तारखेला वाहतूक कार्यालयात चौकशी आहे. कंपनीचं म्हणणं लिहून गेलं आहे. गाडीनं वेळेत इशारा दिला, चालकाचं लक्ष रस्त्यावरून हटलं. बाईंनी 'माझी तक्रार उरलेली नाही' म्हणून सही केली की प्रकरण मिटलं. तुझं लायसन्स काही महिने जाईल, मग ते तुला आतल्या कामावर घेतील.

"त्याला म्हणावं, यायची गरज नाही. उगाच मनस्ताप."

"त्यात बटणाचं लिहिलंय का?" मी विचारलं.

"कोणत्या बटणाचं?" असं म्हणून त्यांनी डोळ्यांवरची फ्रेम काढून पुसली. ती माझ्या दुकानातली होती, नवी, स्वच्छ.

मला यंत्राचा राग नाही, हे तुला ठाऊक असावं. धुक्यात, पावसात, माझ्या वयाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. तुला दिसायच्या आधी त्याला बाई दिसल्या. मीही काचाच विकतो. पण लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत दिला की मी प्रत्येकाला बजावतो, जिना उतरताना खालच्या भागातून बघू नका. तिथून पायरी जवळ आलेली दिसते आणि माणूस पडतो. काच चांगलीच असते. जिना ही तिची जागा नव्हे.

दुसरी बातमी. बाई घरी आल्या आणि लगेच मैदानावर हजर झाल्या. स्वतः एका खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर, गळ्यात शिट्टी. मी चष्म्याची काडी घट्ट करायचं निमित्त काढून गेलो.

रेघेवरून एक बाई येत होत्या. गुलाबी हेल्मेट, जीभ दातांत धरलेली. मागे वळल्या आणि ओरडल्या, "किटली!" आवाज ओळखीचा वाटला. इतकी वर्षं त्या आवाजात 'चहा झाला', 'पाणी गेलं', 'उठा' एवढंच ऐकलं होतं. त्या रेघ सोडून सरळ माझ्या अंगावर आल्या आणि कुंपणाला टेकून थांबल्या.

"तुम्ही घाऊक बाजारात ना?" तुझी आई म्हणाली.

"आणि तू फिरायला ना?"

"फिरतेच आहे. गोल."

बाईंनी शिट्टी फुंकली. "तुम्ही दोघं एका घरातली आहात हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्हाला ते ठाऊक नसेल असं वाटलं नव्हतं."

मग कळलं ते असं. तुझी आई माझ्या आधीच हॉस्पिटलमध्ये जाऊन आली होती. फुटका चष्मा बघून 'आमचं चष्म्याचं दुकान आहे' म्हणाली होती, आणि त्याआधी दारातूनच सांगितलं होतं, 'मी त्याची आई.' मी जिन्यात घोकलेलं वाक्य तिला घोकावं लागलं नाही. बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला सायकल येते का? ती नाही म्हणाली. मग मी काय सांगते ते तुम्हाला कळणार नाही, असं बाई म्हणाल्या.

"म्हणून शिकतेय. बाई हॉस्पिटलात होत्या तोवर आजी शिकवायच्या," तुझी आई म्हणाली. गुडघा खरचटला होता. घरी मला तिनं जिन्यात घसरले असं सांगितलं होतं.

"म्हणजे मी कोण ते तुम्हाला ठाऊक होतं," मी बाईंना म्हणालो. "तरी तुम्ही मला पलंगाखाली स्क्रू शोधू दिलात?"

"वाक्य अडकलंय हे दिसत होतं. म्हटलं, निघेल. माझ्या बायकांना पहिलं पॅडल मारायलाही वेळ लागतो."

तेव्हा मी ते वाक्य म्हणालो. गाडी चालवत होता त्याचा मी बाप.

"हां. बसा." खुर्ची नव्हती. मी किटली बाजूला करून पायरीवर बसलो. "आता सांगा. काय दाबत होता?"

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती हेल्मेटचा पट्टा सोडत होती.

"ते तोच सांगेल," ती म्हणाली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी थांबते." आणि भूलतज्ज्ञावर ओरडल्या, "अगं, रेघ कुठे, तू कुठे! पेशंटला तरी नीट झोपवतेस ना?"

बाबा


९ एप्रिल

टिल्लू,

तू आला नाहीस.

खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे अधिकारी बाई, सर्दी झालेल्या. अलीकडे साहेब आणि कंपनीचे वकील. आम्ही मागच्या बाकावर. बाई कुबड्या घेऊन आल्या. त्यांची पिशवी तुझ्या आईनं घेतली होती.

साहेबांनी म्हणणं वाचलं. गाडीनं वेळेत इशारा दिला. चालकाचं लक्ष हटलं. वाचून झाल्यावर सहीचा कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो पूर्ण वाचला, उलटून मागेही पाहिलं.

"गाडीनं मला पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कौतुक आहे. मी खोटं बोलत नाहीये, मला खरंच बरं वाटलं. मग तिनं ते त्याला सांगितलं आणि ऐकायला त्यानं मान खाली घातली. का घातली ते यात नाही."

"ते चालकच सांगू शकेल," साहेब म्हणाले.

"मग त्याला येऊ द्या."

"मॅडम," अधिकारी बाई म्हणाल्या, "तो आलेला नाही. किती दिवस फाइल उघडी ठेवू? तुम्हाला भरपाई मिळतेय, पाय बरा होतोय. अडचण काय आहे?"

"मी भूमिती शिकवायचे. मधली पायरी गाळून शेवटची ओळ लिहिणाऱ्या पोराला मी कधी मार्क दिले नाहीत."

अधिकारी बाईंनी नाक पुसलं. हसू लपवायला पुसलं असावं.

"त्याच्यासारखी आणखी पोरं त्याच गाड्या घेऊन रस्त्यावर आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "आणि माझ्या बायका त्याच रस्त्यावरून घरी जातात. मी मागे पाहिलंय. मागचा अजून बघत नाहीये. मी वळणार नाही. पुढची तारीख द्या."

त्यांना चौदा जूनची तारीख मिळाली.

मी सगळा वेळ बाकावर होतो. उठून सांगता आलं असतं. शब्द तोंडात होते. साहेबांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी तुझ्या आईकडे पाहिलं, तिनं मान हलवली. तिचं म्हणणं, आपण बोललो की त्याला बोलण्यातून कायमची सुट्टी मिळते. तिला पटकन कळतात अशा गोष्टी. मला घरी येऊन कळल्या.

बाहेर आल्यावर बाई तुझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. जिना उतरताना कुबडी सरकली तेव्हा मात्र एक शिवी दिली. भूमितीच्या शिक्षिकेला शोभणारी नव्हती.

बाबा


२० मे

टिल्लू,

बऱ्याच दिवसांनी लिहितो. लिहिण्यासारखं होतं, पण प्रत्येक पत्राचा शेवट 'ये' असा व्हायला लागला, म्हणून फाडली.

तुझ्याबरोबर काम करणारी, केस बारीक कापलेली मुलगी दुकानात आली होती. चष्म्यासाठी नाही. डबी उघडझाप करत उभी राहिली.

"काका, त्यांनी बटण मोठं केलंय."

"म्हणजे?"

"न बघता दाबता यावं म्हणून. पडद्याचा अर्धा भाग आता बटणच आहे."

"मग न बघता दाबतेस?"

"न बघता नीट दाबलं गेलं की नाही, ते बघतेच की."

आम्ही दोघंही हसलो आणि मग थांबलो. मी तिला विचारलं, तू का सांगत नाहीस? ती म्हणाली, "मी बोलले तर म्हणतील, तुला काय झालंय, तू तर कोणाला उडवलं नाहीस. तो बोलला तर माझ्याही बोलण्याला अर्थ आहे." जाताना म्हणाली, "तो गाडी चांगली चालवायचा, काका. आमच्यात सगळ्यात चांगली." ते मला ठाऊक होतं. तरी ऐकून बरं वाटलं.

बाईंनी कुबड्या सोडल्या. काठी घेतात, पण ती चालायला कमी आणि बोट दाखवायला जास्त वापरतात. डॉक्टरांनी सायकलला अजून हो म्हटलेलं नाही. त्या रोज मैदानात स्वतःची सायकल हातात धरून रेघेवरून चालतात आणि मागे बघतात. चालताना. तुझी आई मागे उभी राहून काहीतरी धरते. कालपर्यंत ज्या शिकवत होत्या, त्या आपल्याच धड्याला पहिल्या दिवसापासून बसल्या आहेत. मी विचारलं, कशाला? तुम्हाला तर येतं. "येत होतं," त्या म्हणाल्या. "आता मागे बघितलं की तो चेहरा दिसतो आणि खांदा आखडतो. आखडलेल्या खांद्यानं रस्त्यावर जायचं नसतं." एवढंच. हातातली सायकल रेघ सोडून गेली तर परत टोकाला जातात. कुरकुर नाही, चेहरा पाडणं नाही. मी कुंपणाशी उभा असतो. दुकान उशिरा उघडतं हल्ली.

तुझी आई आता दुकानापर्यंत सायकलवर येते. येताना हात दाखवते, वळताना मागे बघते, आणि एका रिक्षावाल्याला काल तिनं असं काही निरखलं की तो घाबरून थांबलाच.

मी बाईंना विचारलं, मुलाला काही निरोप देऊ का?

"मागून येणाऱ्याला हॉर्न मारायची सोय सायकलवाल्याकडे नसते," त्या म्हणाल्या. "आपण फक्त दिसत राहायचं."

चौदा जून. सकाळी अकरा. तीच खोली.

बाबा


१५ जून

टिल्लू,

काल बसस्टँडवर बोलायचं राहून गेलं. तू सामान आणायला मावशीकडे निघाला होतास, बस लागलेली होती, तुझी आई डबा कुठल्या पिशवीत आहे ते चार वेळा सांगत होती. जे राहिलं ते लिहितो. हे पत्र पोचायच्या आत तू निघाला असलास तर मावशी ठेवून देईल.

तू बोललास तेव्हा सगळा वेळ टेबलाकडे बघत होतास. म्हणून तुला न दिसलेलं सांगतो.

'बटण दाबणं माझं काम होतं' असं तू म्हणालास तेव्हा साहेबांनी पेन उघडलं. 'चौकोन पडला' म्हणालास तेव्हा वकिलांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. 'तिथे खरंच सायकल होती म्हणून मी हिरवं दाबलं' म्हणालास तेव्हा अधिकारी बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. बाईंनी चष्मा काढला. माणूस चष्मा काढतो तो बघवत नसतं म्हणून, नाहीतर बघून झालेलं असतं म्हणून. त्यांचं दुसरं होतं. मी इतके महिने तो चेहरा पाहतो आहे. त्यावर काहीतरी सुटल्यासारखं दिसलं.

मग त्या बोलल्या ते तू ऐकलंसच.

"म्हणजे मी खांब नव्हते."

अधिकारी बाईंना हसावं की नाही कळेना. तू तेव्हा वर पाहिलंस. पहिल्यांदा. त्या त्याचीच वाट बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता झालं." आणि साहेबांकडे वळल्या. "याचा मला राग येणार आहे, ते ठरलं. पण थोडा. बाकीचा तुमच्या बटणाचा."

केस बारीक कापलेली मुलगी उठून 'माझ्याही गाडीत तेच आहे' म्हणाली, तेव्हा तिनं गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून मुठीत धरलं होतं. तेही तुला दिसलं नसेल, ती तुझ्या मागे होती. आज संध्याकाळी तिचा फोन आला. अधिकारी बाईंचा आदेश लागू झाला, चालवणारा दाबणार नाही, दाबायला शेजारी दुसरा माणूस बसणार. आवाजही सुरू. साहेबांनी आदेशावर 'तात्पुरतं' असं लिहून घेतलं आहे. ती म्हणाली, दिवसभर टीं टीं होतंय, डोकं उठलंय, आणि असं म्हणून हसत होती.

तुझं लायसन्स गेलं. वर्षासाठी. साहेबांच्या मूळ हिशेबापेक्षा जास्त. आतलं कामही आता ते देणार नाहीत. तू ते ऐकून घेतलंस आणि पाकिटातून लायसन्स काढून स्वतःच टेबलावर ठेवलंस. मी तुला लहानपणापासून पाहतो आहे. तुला मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाईंचं कौतुक मी इतक्या पत्रांत केलं की तुझ्यासाठी दुसरा शब्द शोधत होतो. सापडला नाही. तोच घे.

आता कार्यालयाच्या फाटकाजवळचं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात बाईंना परवानगी दिली होती. त्यांची सायकल तुझ्या आईनं तिथवर चालवत आणली होती, हे तुला बघून पटलं नव्हतं. बाई बसल्या. काठी मला दिली. तू फाटकात उभा होतास. तुझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, निरोप घेतला नाही, निघाल्या. कोपऱ्यापर्यंत रस्ता मोकळा होता. वळून बघताना त्यांना तुझा चेहरा दिसू नये म्हणून मी दंडाला धरून तुला मागे घेणार होतो, तुझ्या आईनं मला धरलं.

कोपऱ्याच्या थोडं अलीकडे त्यांनी हात बाहेर काढला. मान वळवली. खांदा आखडला नाही. मागे गाडी नव्हती, फक्त तू होतास, दोन्ही हात बाजूला सोडून.

"काही नाही!" त्या ओरडल्या.

सायकल जराही हलली नाही. मग त्या वळल्या.

फाटकातल्या पहारेकऱ्यानं आम्हाला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सांगणार होतो. तेवढ्यात माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. तू हसत होतास.

तेव्हा मला कळलं, पत्रं उघडत होतास.

बाबा